जनाची आणि मनाची

‘जनाची नाही, निदान मनाची तरी!’ हे बोलणं माझ्या लहानपणी घरोघरी ऐकू यायचं. त्यातला ‘लाज’ हा शब्द बहुतेक वेळा कुणी उच्चारतही नसे, इतका तो गृहीत होता. तीस वर्षं महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवलं, निवृत्त झाल्यावर मुलीकडे बेंगळुरूला, मारतहळ्ळीत राहायला आले, आणि या म्हणीतले ‘जन’ माणसाला किती सावरून धरत होते ते इथे कळलं.

मारतहळ्ळीत माणसांना तोटा नाही. आउटर रिंग रोड आणि वर्तूरचा रस्ता जिथे भेटतात, त्या पुलापाशी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. पण ही माणसं एकमेकांच्या ओळखीची नाहीत. पीजीच्या एका खोलीत एक साताऱ्याचा, एक कडप्प्याचा, एक पाटण्याचा. वर्षभरात तिघांच्याही जागी दुसरे आलेले. गावाचं नाव कशावरून पडलं याचंही एक उत्तर मिळत नाही. कुणी म्हणतं मराठ्यांची हळ्ळी, म्हणजे मराठ्यांचं गाव. कुणी ते जवळच्या एचएएलमध्ये घडलेल्या, १९६१ साली पहिल्यांदा झेपावलेल्या ‘मारुत’ विमानाशी जोडतं. ‘तू कुणाचा रे?’ असं विचारणारं इथे कुणी नाही. कितीतरी मुलींना, आणि गावात ज्यांना आडनावावरून जोखलं जायचं त्या सगळ्यांना, हा मोठा दिलासा आहे. तो मला कुणाकडून काढून घ्यायचा नाही. मात्र पाहणारं कुणी नसताना माणसाने नीट का वागावं, हा प्लेटोने अदृश्य करणाऱ्या अंगठीच्या गोष्टीतून विचारलेला प्रश्न इथे दोन हजारांहून अधिक वर्षांनी भाड्याच्या खोलीत येऊन बसला आहे.

आमच्याकडे दर रविवारी काही मराठी मुलंमुली जमू लागली. त्या बैठकांतून हे पुस्तक झालं. एका रविवारी त्यातला एक मुलगा उशिरापर्यंत गप्प बसून होता. त्याच्या खोलीतल्या मित्राने पैसे मोजून अनुभवाचं खोटं पत्र मिळवलं होतं आणि त्यावर नोकरी लागली होती. आता चौकशीचा फोन येणार होता आणि ‘आधीच्या कंपनीतला सहकारी’ म्हणून या मुलाचं नाव दिलेलं होतं. मित्राच्या घरी कर्ज. कामात तो हुशार. हा ‘नाही’ म्हणाला तर मित्राची नोकरी जाणार. ‘हो’ म्हणाला तर कुणाचंच काही बिघडताना दिसत नव्हतं.

मी त्याला उत्तर दिलं नाही. महाभारताच्या कर्णपर्वातली कौशिकाची गोष्ट सांगितली. नेहमी खरंच बोलेन असं व्रत घेतलेला हा तपस्वी. दरोडेखोरांना भिऊन पळालेली माणसं त्याच्या जवळच्या रानात लपली. दरोडेखोरांनी विचारलं आणि त्याने खरं ते सांगितलं. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. ही गोष्ट कृष्ण अर्जुनाला सांगतो, तेही अर्जुन आपल्या प्रतिज्ञेपायी धर्मराजावर शस्त्र उगारत असताना. इकडे १७९७ मध्ये कांटने जवळजवळ हाच प्रसंग घेतला आणि उलटा निवाडा दिला: दारात मारेकरी उभा असला तरी खोटं बोलायचं नाही. मुलं हिरिरीने कृष्णाच्या बाजूने बोलली. मग एका मुलीने विचारलं, ‘पण कौशिकाला लपलेली माणसं तरी दिसत होती. खोट्या पत्रामुळे ज्याची जागा गेली तो आपल्याला कुठे दिसतोय?’

माझ्या मते या विषयाचा गाभा तिथे आहे. ज्याच्याशी डोळ्याला डोळा भिडतो त्याच्याशी आपण बहुधा बरे वागतो. अडचण होते ती न दिसणाऱ्या माणसाशी कसं वागायचं याची. परिणाम मोजा म्हणणारा मिल, नियम मोडू नका म्हणणारा कांट, आधी स्वभाव घडवा म्हणणारा ॲरिस्टॉटल, हे तिघेही त्या न दिसणाऱ्याला आपल्या विचारात जागा करून देण्यासाठीच झटतात, असं मी त्यांना वाचत आले.

बेळ्ळंदूरचं तळं इथून फार दूर नाही. २०१५ नंतर त्यातला फेस रस्त्यावर उडताना आणि पाण्यावर आग लागलेली साऱ्या देशाने पाहिली. जानेवारी २०१८ मधली आग विझवायला लष्कराचे जवान उतरले. हे कुणी केलं? कुणा एकाने नाही. लाखो घरांतलं सांडपाणी प्रक्रिया न होता तिकडे जात राहिलं, आणि त्यात आमच्यासारख्यांचंही होतं. ‘मी कुणाचं वाईट केलं नाही’ एवढ्यावर भागवणारी नीती इथे तोकडी पडते.

नियमांनी भागेल असं वाटणाऱ्यांसाठी ‘सत्यम’वर एक प्रकरण आहे. उत्तम कारभारासाठी २००८ मध्ये गौरवलेल्या या कंपनीच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी हिशेबात ५,०४० कोटी रुपयांची रोकड आणि बँकशिल्लक फुगवून दाखवल्याची कबुली दिली. लेखापरीक्षक होते, स्वतंत्र संचालक होते, गौरवचिन्हही होतं.

मराठीत हा विचार नवा नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं, १९१५ मध्ये छापलेलं ‘गीतारहस्य’ नीतिशास्त्राचा ग्रंथ म्हणूनही वाचावं, विशेषतः ‘कर्मजिज्ञासा’ हे प्रकरण. वामन मल्हार जोशींचा ‘नीतिशास्त्रप्रवेश’ १९१९ चा. पण मुलांना सगळ्यात जवळचे वाटले ते जोतीराव फुले. पक्षाघाताने उजवा हात गेल्यावर त्यांनी डाव्या हाताने लिहिलेलं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं. सत्याने वागणं म्हणजे प्रत्येक स्त्री-पुरुषाला बरोबरीचं मानून वागणं, हा त्यातला आग्रह. तो वाचल्यावर एका मुलीने तिच्या इमारतीत घरकाम करणाऱ्या बायकांसाठी राखलेल्या वेगळ्या लिफ्टचा विषय काढला. रायचूर, यादगीरकडून आलेल्या या बायका आमच्या ताटाला हात लावतात, लिफ्टच्या बटणाला नाही. त्या दिवशी चर्चा रात्री दहाला संपली आणि पुढच्या सोसायटीच्या बैठकीत ती मुलगी एकटी उठून बोलली.

तत्त्वज्ञान कधी शिकला नसाल तरी संकोच करू नका. प्रकरणं कुठूनही वाचली तरी चालतील. कांट जड वाटला तर तळ्यापासून सुरुवात करा. फक्त खोट्या पत्राचं तिसरं प्रकरण उघडण्याआधी एका कागदावर आपलं उत्तर लिहून ठेवा: तुम्ही त्या फोनवर काय बोलला असतात? त्या मुलाने काय केलं, आणि मग खोलीत दोघांचे पुढचे चार महिने कसे गेले, ते त्याने स्वतःच तिथे लिहिलं आहे.