‘शिक्षा’, ‘शिस्त’ आणि ‘बोध’ : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील अपत्यशासनाचा विचार

आईबापांनी मुलांस कसे वळण लावावे, याविषयी ख्रिस्ती धर्माची शिकवण काय आहे, असा प्रश्न केला असता मराठी वाचक बहुधा बायबलातील ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथाकडे बोट दाखवील व त्यातील ‘छडी’ आणि ‘शिक्षा’ या दोन शब्दांवर थांबेल. हे दोन शब्द मूळ ग्रंथकाराचे किती आणि भाषांतरकाराचे किती, याचा विचार मात्र क्वचितच होतो. हा प्रश्न धर्मशास्त्राइतकाच शब्दार्थशास्त्राचाही आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

नीतिसूत्रांतील मूळ हिब्रू शब्द ‘मूसार’ हा होय. उपदेश, ताकीद, दोषाची दुरुस्ती आणि प्रसंगी मार, इतका त्याचा विस्तार आहे. बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी भाषांतरात पहिल्या अध्यायातील बापाचा मूसार हा ‘बोध’ झाला आहे, तर छडीशी जोडलेला मूसार हा ‘शिक्षा’ झाला आहे. संदर्भ पाहता दोन्ही पर्याय समर्थनीय आहेत. परंतु हिब्रू वाचकास जो एकच शब्द दोन्हीकडे ऐकू येत होता, तो मराठी वाचकासाठी दुभंगला. बोध करणारा बाप आणि शिक्षा करणारा बाप ही जणू दोन माणसे झाली.

ग्रीकमध्येही हाच प्रकार आहे. मूसार या शब्दासाठी जुन्या ग्रीक भाषांतरकारांनी ‘पायदेइया’ हा शब्द योजला. त्याच्या मुळाशी ‘पाइस’, म्हणजे मूल, हा शब्द आहे; मुलाला माणूस करण्याचा सर्व खटाटोप त्यात येतो. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात बापांनी मुलांना चिडीस आणू नये असे प्रथम बजावून मग पायदेइयाचा आदेश दिला आहे. तेथे मराठीत ‘शिस्त’ हा शब्द येतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात तोच पायदेइया ‘शिक्षा’ होतो. याच शब्दाच्या क्रियापदाने प्रेषितांच्या कृत्यांत मोशेचे मिसरी विद्यांतील शिक्षण सांगितले आहे, आणि त्याच क्रियापदाने लूकच्या शुभवर्तमानात पिलात येशूला फटके मारून सोडण्याची भाषा करतो. विद्या आणि चाबूक एका धातूत नांदू शकतात, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

आपल्याकडेही निराळे घडलेले नाही. ‘शिक्षा’ हे संस्कृतात ‘शक्’ धातूच्या इच्छार्थक रूपापासून आलेले. समर्थ होण्याची इच्छा, म्हणून अध्ययन. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती, 1857) अध्ययन व दंड असे दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत. पुढे मराठीने अध्ययनासाठी ‘शिक्षण’ राखून ठेवले आणि ‘शिक्षा’ दंडाच्या वाट्याला गेली; हिंदीत हा शब्द विद्येकडेच राहिला. ‘शास्’ धातूपासून शिष्य, शासन आणि शास्त्र हे तिन्ही शब्द निघतात, आणि बायबलाला मराठीत ‘पवित्र शास्त्र’ म्हणतात, हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही. ‘शिस्त’ फार्सीतून आली. तिचा जुना अर्थ नेम. मुलाला शिस्त लावणे म्हणजे त्याच्यावर नेम धरणे नव्हे, हे निदान व्युत्पत्तीने तरी सिद्ध होत नाही!

विचाराच्या बाजूनेही मिशनरी उपदेशकांना येथे रिकामी भूमी मिळाली नव्हती. अपराधी पुत्रास व शिष्यास दोरीने वा वेळूच्या कांबीने मारावे, पण पाठीवर, मस्तकावर कदापि नव्हे, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे. पाच वर्षे लाड, दहा वर्षे ताडन आणि सोळाव्या वर्षापासून मैत्री, हे सुभाषित तर पंतोजींच्या तोंडी असेच. त्यामुळे 1811 साली श्रीरामपूरहून केरीचा मराठी नवा करार निघाला आणि 1847 पर्यंत संपूर्ण बायबल मराठीत आले, तेव्हा नीतिसूत्रांतील छडी वाचकास परकी वाटण्याचे कारण नव्हते. नवी होती ती बापांना दिलेली ताकीद.

छडीसाठी हिब्रूत ‘शेवेत’ हा शब्द आहे. तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या हाती हाच शेवेत असतो, आणि मराठी भाषांतर तेथे त्याला ‘आकडी’ म्हणते. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत गुरे-शेरडे राखणाऱ्यास आकडी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तिने फांदी खाली ओढता येते. यावरून काही अर्वाचीन भाष्यकार म्हणतात की नीतिसूत्रांतील छडीही केवळ मार्गदर्शनाची आहे. हे मान्य करता येत नाही. तेविसाव्या अध्यायातील वचनात मारण्याचे क्रियापद स्पष्ट आहे. जे वचन आपणास रुचत नाही त्याला कोशाच्या आधाराने गोड करून घेणे ही विद्वत्ता नव्हे.

या सर्व प्रश्नाला प्रत्यक्ष जीवनात सामोरी गेलेली मराठी व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. ‘स्त्रीधर्मनीति’ (1882) हे त्यांचे पुस्तक धर्मांतरापूर्वीचे. त्यातही अपत्यसंगोपनाचा विचार आहे. 1883 साली वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर मुलीच्या धार्मिक शिक्षणावरून त्यांचा तेथील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी दीर्घ वाद झाला. ए. बी. शाह यांनी संपादित केलेला हा पत्रव्यवहार 1977 मध्ये प्रसिद्ध झाला. जेराल्डीन यांना रमाबाई ‘आजीबाई’ म्हणत, पण आजीबाईंचा अधिकार त्यांनी जसाच्या तसा मानला नाही. आज्ञापालन हा जेराल्डीन यांच्या दृष्टीने सद्गुणांचा पाया होता. रमाबाईंना विवेकबुद्धीवरील बळजोरी अमान्य होती, मग ती आईवर होवो वा लेकीवर. दोघीही ख्रिस्ती, दोघींचा ग्रंथ एकच. म्हणून ‘ख्रिस्ती दृष्टिकोण’ असे एकवचनी बोलणे इतिहासास धरून होत नाही.

पुढे अमेरिकेत रमाबाईंनी फ्रेबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. फ्रेबेल स्वतः लूथरपंथीय पाळकाचा मुलगा. त्याच्या पद्धतीत शिक्षक हा माळी असतो. 1896 नंतरच्या दुष्काळांत अनाथ झालेल्या मुली केडगावच्या मुक्तिसदनात शेकडोंनी आल्या, तेव्हा नियम, घंटा आणि कामाच्या वाटण्या यांवाचून ते घर चालणे शक्यच नव्हते. याच गजबजाटात रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचे भाषांतर करीत होत्या. अशिक्षित खेडवळ बाईसही कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. 1922 मध्ये त्यांचे निधन झाले आणि 1924 मध्ये ते संपूर्ण भाषांतर प्रसिद्ध झाले.

घरगुती मराठीत मुलांच्या बाबतीत ‘शिक्षा’हून ‘वळण’ अधिक चालते. नसरापूरहून विंझरकडे जाणाऱ्या रस्त्याचेही वळण, मोडी अक्षराचेही वळण आणि पोराचेही वळणच. या शब्दात मार नाही, पण मोकळीकही नाही. दिशा कोणीतरी ठरवलेली आहे. मूसारची बरीचशी व्याप्ती त्यात येते, एवढेच येथे नोंदवितो.

शब्दांचा हा गुंता आजही सुटलेला नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली. कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. घराच्या उंबरठ्याआत हे कलम जात नाही. हिंदीत त्याच कायद्याचे नाव ‘शिक्षा का अधिकार’ असे आहे, आणि मराठी बापाने ते अक्षरशः वाचले तर त्याला उलटाच अर्थ लागेल.