टीची कळ आणि कानातले मशीन

नगरहून दौंडच्या रस्त्याला लागले की काही किलोमीटरवर अरणगाव येते. तिथल्या मेहेराबादला आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांनी 10 जुलै 1925 रोजी मौन धरले आणि 31 जानेवारी 1969ला देह ठेवीपर्यंत ते सोडले नाही. 1927पासून बरीच वर्षे ते एका अक्षरपट्टीवर बोट फिरवत आणि शेजारचा शिष्य अक्षरे जुळवून ती मोठ्याने सांगे. 1954मध्ये पट्टीही सुटली, हातवारे तेवढे उरले. पट्टी असो वा हातवारे, ते वाचणारा सवयीचा माणूस जवळ लागेच.

कानाच्या मशीनलाही अशीच जोडी लागते. त्याची जोडी फोनशी, आणि ती दर पिढीत मोडत आली आहे.

जुने मशीन सदऱ्याच्या खिशात बसे. तिथून वायर निघून कानातल्या बोळ्यापर्यंत जाई. अशा मशीनसाठीचा सरकारी आधारही त्याच काळातला: अपंगांना साधने देण्याची केंद्राची योजना 1981ची, मुंबईत वांद्र्याला श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था 1983ची. पुढे मशीन कानामागे गेले. त्या काळातल्या अनेक मशीनच्या कळीवर एम, टी, ओ अशी तीन अक्षरे असत. एम म्हणजे मायक्रोफोन, ओ म्हणजे बंद. टी टेलिफोनसाठी.

या टीमागे एक योगायोग होता. जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधल्या लोहचुंबकाचे क्षेत्र थोडे बाहेर गळत असे. फोन बनवणाऱ्यांनी ते मुद्दाम केलेले नव्हते. पुढे मशीनमध्ये ही गळती पकडणारी तारेची गुंडाळी बसवण्यात आली आणि फोनमधला आवाज थेट मशीनमध्ये आला. मायक्रोफोन बंद राहत असल्याने आजूबाजूचा गलका आत शिरत नसे. नगरमधल्या माळीवाड्याच्या एसटी स्टँडसारख्या गजबजाटातल्या पिवळ्या पाटीच्या टेलिफोन बूथवर ही केवढी सोय! अर्थात कळ कशासाठी आहे हे कुणीतरी समजावून सांगितले असेल तरच.

मग मोबाइल आला. भारतातला पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995चा. जीएसएम फोन आपला संदेश तुकड्यातुकड्यांत, सेकंदाला सुमारे 217 वेळा फेकतो. मशीनमधले सर्किट ती धडधड पकडते आणि कानात भुंगा गुणगुणावा तसा आवाज येतो. टीची कळ दाबली तर तो बऱ्याचदा वाढे.

ब्लूटूथमुळे हे सुटेल असे वाटत होते. 1998मध्ये एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया आणि तोशिबा एकत्र आले. नाव घेतले दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड ‘ब्लूटूथ’ राजाचे. पण जुने ब्लूटूथ बॅटरी खाते, आणि मशीनची बॅटरी असते वाटाण्याएवढी. शिवाय दोन कानांतली दोन मशीन म्हणजे दोन स्वतंत्र प्रवाह, ती सोय त्यात नव्हती. म्हणून काही वर्षे गळ्यात एक पेटी अडकवावी लागे. फोन पेटीशी बोले, पेटी मशीनशी.

2014मध्ये आयफोनशी थेट जुळणारी मशीन बाजारात आली, कारण अ‍ॅपलने स्वतःची, कमी ऊर्जेची पद्धत काढली. अँड्रॉइडसाठी गूगलने 2018मध्ये वेगळी पद्धत जाहीर केली. एका कंपनीची भाषा दुसरीला कळेना. भारतात बहुतेक हातांत अँड्रॉइड, त्यामुळे महागडे मशीन घेऊनही फोन ‘तो’ नसला तर उपयोग नाही. ही फूट मिटवण्यासाठी एलई ऑडिओ हे समाईक मानक 2020मध्ये जाहीर झाले आणि 2022मध्ये पूर्ण झाले. तरी मशीन आणि फोन या दोन्हींत ते असावे लागते.

यात आता मनगटावरचे घड्याळ घुसले आहे. ब्लूटूथ कॉलिंगचे स्वस्त घड्याळ फोनला जोडले की आलेला कॉल कधी कधी कानाऐवजी घड्याळाच्या स्पीकरवर जातो. अ‍ॅपलच्या घड्याळावरून मशीनचा आवाज कमी-जास्त करता येतो, पण त्यासाठी जुळणारे मशीनही हवे आणि आयफोनही.

2024मध्ये नगरचे अहिल्यानगर झाले. त्याच वर्षी राज्याने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली: 65 वर्षांवरील पात्र ज्येष्ठांच्या बँक खात्यात एकदाच 3000 रुपये, त्यात चष्मा, काठी किंवा श्रवणयंत्र घ्यावे. ब्लूटूथच्या मशीनची किंमत मात्र सहसा पाच आकड्यांत असते. ज्यांना परवडेल त्यांनी दुकानात जाताना घरातला फोन आणि घड्याळ बरोबर न्यावे आणि तिथेच एक कॉल करून पाहावा.