उजळणी, परवचा आणि विद्यापीठाची परीक्षा

परीक्षेच्या तयारीसाठी मराठीत जे शब्द आहेत त्यांत मला 'उजळणी' सर्वांत आवडतो. तांब्या-पितळेचं भांडं चिंच लावून उजळायचं, तसं शिकलेलं उजळायचं. एकदा घासलेलं भांडं जन्मभर लखलखीत राहत नाही, हे घरातल्या बायकांना सांगावं लागत नसे. म्हणून पाढ्यांच्या पुस्तकालाही उजळणीच म्हणत. 'अभ्यास' हा शब्द तर फारच जुना. पाणिनीच्या व्याकरणात एखादं अक्षर दुहेरी होतं तेव्हा त्यातल्या पहिल्या भागाला 'अभ्यास' अशी संज्ञा आहे. म्हणजे शब्दाच्या मुळातच पुनरावृत्ती आहे. हल्ली मात्र पुन्हा पुन्हा म्हणणं म्हटलं की लोक नाक मुरडतात आणि 'घोकंपट्टी' म्हणून मोकळे होतात. मला या दोन गोष्टी एक वाटत नाहीत, आणि हा लेख त्या फरकाबद्दलच आहे.

निमित्त घरचंच आहे. माझ्या पुतण्याची मुलगी चंद्रपूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत आली तेव्हा तिची पुस्तकं चाळली. पानन् पान पिवळ्या, हिरव्या, गुलाबी रंगानं रंगवलेलं. रंग नाही अशी ओळ शोधावी लागत होती. "आजी, चार-चार वेळा वाचते गं, पण पेपर समोर आला की सगळं कोरं होते," म्हणाली. पोर कष्टाळू आहे. कष्ट कुठे वाया जातात एवढाच प्रश्न होता. तिला तोंडी जे सांगितलं ते जरा मागचे संदर्भ जोडून इथे लिहिते आहे.

आधी परवचा. नव्या वाचकांसाठी सांगते. दिवेलागणीला देवापुढे शुभंकरोति झाली की मुलांनी ओसरीवर बसून पाढे, मराठी महिने, तिथी, नक्षत्रं, राशी म्हणायच्या, याला परवचा म्हणत. पाढे म्हणजे नुसते बे ते तीस नव्हेत. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकीसुद्धा. यात दोन गोष्टी लक्षात घ्या. एक म्हणजे हे रोज व्हायचं, थोडं थोडं, वर्षानुवर्षं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हातात पुस्तक नसायचं. कंदिलाच्या उजेडात बारीक अक्षर दिसणारही नव्हतं म्हणा. जे म्हणायचं ते आठवून म्हणायचं, आणि अडलं की आजोबा मध्येच "सोळा नवं?" असं विचारायचे. वाचणं वेगळं आणि आठवणं वेगळं. परवचा हे आठवण्याचं काम होतं.

वेदपाठशाळेतली रीतही पाहण्यासारखी आहे. संहिता आणि पदपाठ झाले की क्रम, जटा, घन. जटेत पहिला-दुसरा शब्द, मग दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा. घनपाठात तिसराही येतो, आणि शब्द उलटसुलट गुंफले जातात. नुसती लय पकडून गुणगुणणाऱ्याला हे जमणार नाही, प्रत्येक शब्द सुटा ठाऊक असावा लागतो. हे ज्ञान कोणाकोणाला नाकारलं गेलं हा वेगळा आणि कडू विषय आहे, तो विसरून मी कौतुक करत नाही. आणि आपल्या भागापुरतं बोलायचं तर स्मरणाची परंपरा काही एकाच समाजाची नव्हती. परधान गायक गोंड कुळांच्या कथा आणि वंशावळी वाद्याच्या साथीवर पिढ्यानपिढ्या मुखोद्गत ठेवत आले. तेही ऐकणाऱ्यांसमोर, चुकलं तर टोकणाऱ्यांसमोर.

पंतोजींच्या शाळेतली तिसरी रीत तर इंग्लंडला जाऊन आली. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेवर अँड्र्यू बेल नावाचा पाद्री होता. इथल्या गावठी शाळेत मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवतात हे त्यानं पाहिलं, आणि आपल्या शाळेत मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घ्यायला सुरुवात केली. १७९७ साली त्यानं त्यावर पुस्तिका छापली आणि पुढे ती पद्धत 'मद्रास पद्धत' म्हणून विलायतेत गाजली. कारण अर्थात पैशाचं होतं, एका मास्तराच्या पगारात शेकडो मुलं शिकत. पण त्यात एक शहाणपण आपोआप आलं. जो शिकवतो त्याचं पक्कं होतं. एकतीस वर्षं वर्गात उभी राहिल्यावर एवढं मी छातीवर हात ठेवून सांगू शकते. इतिहास मला बी.ए.ला जेवढा कळला नाही तेवढा आठवीच्या वर्गाला शिकवताना कळला.

मग आपल्याकडे पाठांतराची बदनामी झाली कधीपासून? माझ्या मते ती विद्यापीठांपासून. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठानं. शिकवणारा एक, पेपर काढणारा दुसरा, तपासणारा तिसराच. मुंबईचे पहिले बी.ए. १८६२ साली झाले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. रानड्यांचे डोळे अतिवाचनानं अधू झाले हे सर्वांना माहीत आहे. पण सगळे काही रानडे नसतात. परका परीक्षक काय विचारील याचा अंदाज बांधणं हाच हळूहळू अभ्यास झाला, आणि अंदाज आला की उत्तरांची पुस्तकं येणारच.

आमच्या भागाला ही विद्या उशिरा पोचली. नागपूरची हिस्लॉप आणि मॉरिस ही कॉलेजं १८८० च्या दशकातली, पण परीक्षा आधी कलकत्त्याच्या, नंतर अलाहाबादच्या. नागपूर विद्यापीठ १९२३ साली झालं. तेव्हाच्या चांद्याच्या मुलानं शिकायचं तर नागपूरला खोली घ्यायची. मी १९७० च्या आसपास बी.ए. करत होते तोवर चंद्रपुरात कॉलेजं झाली होती, पण पेपर नागपूरचाच. वर्षभराचा अभ्यास आणि मार्च-एप्रिलमध्ये तीन-तीन तासांचे पेपर, बस. पूर्ण वर्ष एका आठवड्यात तोललं जायचं. मुलं दिवाळीपर्यंत निवांत, संक्रांतीनंतर जागी आणि फेब्रुवारीत गाईडाच्या दुकानात. पुढे शाळकरी मुलांसाठी '२१ अपेक्षित' आलं, आणि 'अपेक्षित' हे विशेषण मराठीत नाम होऊन बसलं! राधाकृष्णन आयोगानं १९४९ सालीच सांगितलं होतं की विद्यापीठ शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची. अहवाल छापला गेला. त्यावरचेही अपेक्षित प्रश्न बी.एड.ला येत, हा त्यातला विनोद.

आमच्या कॉलेजातले इतिहासाचे एक प्राध्यापक मात्र वेगळे होते. तासाची पहिली पाच मिनिटं वह्या बंद. "काल काय झालं? सांगा." कोणी एक उठायचं, अर्धवट सांगायचं, दुसरं जोडायचं, तिसरं दुरुस्त करायचं. आम्हाला तो छळ वाटे. पण पानिपतानंतरचं राजकारण मला आजही सांगता येतं, आणि गाईडातून पाठ केलेलं राज्यशास्त्र निकालाच्या दिवशीच उडून गेलं.

ते सर बरोबर होते हे शास्त्रानंही दाखवलं आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं १८८५ साली स्मरणावर पुस्तक लिहिलं. प्रयोग स्वतःवरच. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती विसरतो ते मोजायचं. तासाभरात निम्म्याहून अधिक जातं असं त्याला आढळलं. त्याचा दुसरा निष्कर्ष विद्यार्थ्यांनी भिंतीवर लावावा असा आहे. एका दिवशी ६८ वेळा घोकून जे साधलं ते तीन दिवसांत वाटून ३८ वेळांतच साधलं. परवचा रोज का असे, त्याचं उत्तर इथे आहे. आमच्या आजोबांनी एबिंगहाउस वाचला नव्हता.

दुसरा प्रयोग २००६ सालचा, अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिके यांचा. कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. एका गटानं तो चार सत्रांत वाचला. दुसऱ्यानं एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तिन्ही वेळी न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्यानं विचारलं तर वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. आणि गंमत म्हणजे आपल्याला छान आठवेल अशी खात्री जास्त होती ती वाचणाऱ्यांनाच! ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे. आमच्या नातीचं दुखणं नेमकं हेच. रंगवलेली ओळ ओळखीची वाटते, पण पेपरात कोणी रंगवलेली ओळ दाखवत नाही. २०१३ साली डन्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, त्यांत रेघा ओढणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं तळाला गेलं. स्वतःची परीक्षा घेणं आणि अंतर ठेवून उजळणी करणं या दोन वर आल्या.

तिला मी तीन-चार गोष्टीच सांगितल्या. धडा एकदा नीट वाच, पुस्तक मिटव, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल शाईनं भर. तोच धडा उद्या, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी. जुन्या प्रश्नपत्रिका शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नको, त्यांवरूनच सुरुवात कर. आणि रात्री झोप. कागद लागेल म्हणाली. लागू दे, बल्लारपूरच्या गिरणीला आमच्या जंगलातल्या बांबूनं एवढी वर्षं कागद करू दिला, पाठकोरे कागद आपल्याच घरात ढीगभर पडलेत.

पण हे सगळं चंद्रपूरच्या नातीसाठी झालं. माझी नोकरी गडचिरोलीकडच्या भागात गेली. १९८२ साली तो जिल्हा वेगळा झाला तेव्हाही मी तिकडेच होते. तिथल्या मुलांचा प्रश्न स्मरणशक्तीचा नव्हताच. घरी गोंडी किंवा माडिया, शाळेत मराठी, कॉलेजात मराठीच पण पुस्तकी, आणि शेवटी इंग्रजीचा पेपर. माझा एक विद्यार्थी, झाडांची, पाखरांची, वाटांची शेकडो नावं तोंडपाठ असलेला, बी.ए.च्या पहिल्या वर्षी दोनदा नापास होऊन गावी परतला. भेटला तेव्हा त्यानं गाईडातलं 'संसदीय लोकशाहीची वैशिष्ट्ये' हे उत्तर मला धडाधड म्हणून दाखवलं. पेपरात प्रश्न थोडा फिरवून आला होता. मी विचारलं, "हे तुझ्या आईला तुमच्या भाषेत सांगशील?" तो बराच वेळ गप्प बसला. "असं कोणी विचारलंच नाही, बाई," म्हणाला. घोकंपट्टी म्हणतात ती ही. स्वतःच्या भाषेत एकदाही न उतरलेली.

याच जिल्ह्यात याचं उत्तर मिळालं, पण कॉलेजात नाही. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड गाव. तिथे देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून 'अभ्यासगट' चालवले. एखादा विषय घ्यायचा, जंगलाचा कायदा असो की मधमाश्या, त्यावर बसून बोलायचं, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, प्रश्न विचारायचे, पुन्हा बसायचं. अभ्यासगटात निर्णय घ्यायचा नाही, तो ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीनं. त्यामुळे अभ्यास करताना कोणाला जिंकायची घाई नसे. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा त्यातलं काय मागायचं हे या गावाला ठाऊक होतं. २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक म्हणून. पदवीच्या कोणत्या पेपराचा याहून चांगला निकाल लागला असेल मला माहीत नाही.

२०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं आणि दोन्ही जिल्ह्यांची कॉलेजं त्याला जोडली गेली. सिरोंच्याच्या मुलाचं विद्यापीठ साडेतीनशे किलोमीटरहून दूर होतं, ते निम्म्याच्या आसपास आलं. वार्षिक पेपर जाऊन सत्र पद्धत आली हेही बरंच झालं, अभ्यास आपोआप वाटला गेला. अडचण वेळापत्रकाची उरली. हिवाळी परीक्षा धानाच्या कापणी-चुरण्याच्या वेळेला, उन्हाळी परीक्षा मोहाच्या मागे-पुढे. मोह पहाटे वेचावा लागतो, उशीर केला तर गुरं आणि अस्वलं वाट पाहत नाहीत. घरचा वर्षाचा पैसा त्या फुलांत असतो, तेव्हा "परीक्षा आहे, मी येत नाही" असं म्हणणारं पोर मी क्वचितच पाहिलं.

तीन मुली मात्र अशा पाहिल्या, माझ्या शाळेतून पुढे कॉलेजात गेलेल्या. टोपली घेऊन झाडाखाली बसायच्या. वेचता वेचता एक जण प्रश्न विचारायची, दुसरी गोंडीत उत्तर द्यायची, तिसरी तेच मराठीत सांगायची. चुकलं की तिघी हसायच्या. टोपली भरेपर्यंत एक प्रकरण व्हायचं. मग उन्हं चढायच्या आत घरी, आणि फुलं वाळत घालून अकराच्या पेपरला.