कोल्हारचा उतार आणि इंग्रजी पानगृह

अहमदनगराहून (आजच्या अहिल्यानगराहून) उत्तरेस मनमाडकडे जाणारा मार्ग कोल्हार येथे प्रवरा ओलांडतो. नदीच्या एका काठी कोल्हार बुद्रुक, दुसऱ्या काठी कोल्हार खुर्द, आणि बुद्रुकात भगवतीचे देवस्थान. नदी, हमरस्ता आणि जत्रा ही तिन्ही ज्या गावाला लाभली, त्या गावात वाटसरू थांबणार हे उघड आहे. इंग्लंडातील एखाद्या नदीच्या उतारावर अशीच स्थिती असती, तर तेथे दोनतीनशे वर्षांपूर्वीच एक पानगृह उभे राहिले असते. दारावर चितारलेली पाटी लोंबली असती, खाली चुलीवर मांस भाजले जात असते, वर चार खाटा असत्या, आणि बिअरचा पेला हातात घेऊन पाटील, गाडीवान व पाद्री एकाच छपराखाली बसले असते. कोल्हारास असे काही झाले नाही. नगर जिल्ह्यात इंग्रजांचे लष्कर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ राहिले. त्यांची भाषा, त्यांचा कायदा, त्यांचा चहा आणि त्यांचे क्रिकेट येथे रुजले, परंतु त्यांचे पानगृह रुजले नाही. हे का घडले, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

‘पब्लिक हाउस’ या नावाचा अर्थच मुळी ‘सार्वजनिक घर’ असा आहे. मध्ययुगीन इंग्लंडात तीन प्रकारची स्थळे होती: मुक्काम व जेवण देणारी सराई, द्राक्षमद्य विकणारे टॅव्हर्न आणि घरी गाळलेली बिअर विकणारे साधे एलगृह. पुढे या तिन्हींच्या सीमा पुसट होत गेल्या व त्यांतून आजचा पब तयार झाला. इ. स. १५५२ च्या कायद्याने एलगृहाच्या चालकास स्थानिक न्यायाधिकाऱ्यांकडून परवाना घेणे व चांगल्या वर्तनाबद्दल जामीन देणे बंधनकारक केले. या कायद्याचा रोख महसुलाकडे नव्हता, सुव्यवस्थेकडे होता. परवाना माणसाला व घराला मिळे. चालक कसा आहे, गावाला त्या घराची गरज आहे काय, हे पाहिले जाई. इ. स. १८३० च्या बिअर कायद्याने हे बंधन सैल केले. दोन गिनी भरणाऱ्या कोणाही करदात्याला आपल्या घरी बिअर विकता येऊ लागली, आणि अवघ्या सहा महिन्यांत चोवीस हजारांहून अधिक नवी बिअरघरे निघाली. हा उच्छाद आवरण्यास इ. स. १८६९ साल उजाडावे लागले. तथापि मूळ कल्पना टिकून राहिली: पानगृह हे प्रथम घर, आणि मग दुकान.

ज्या इंग्रजाने ही कल्पना मनात बाळगून सह्याद्री ओलांडला, त्याचा नगरशी पहिला मोठा संबंध युद्धाने आला. इ. स. १८०३ च्या ऑगस्टमध्ये ८ तारखेस आर्थर वेलस्लीने नगरची पेठ घेतली व १२ तारखेस किल्ला त्याच्या हवाली झाला. त्याच्या छावणीतील गोखले नामक एका मराठा सरदाराचे उद्गार इंग्रजी इतिहासकारांनी मोठ्या आवडीने नोंदविले आहेत; ही माणसे सकाळी आली, तट चढून गेली, शिबंदी कापली आणि न्याहारीला परत गेली, असा त्यांचा आशय. यातील ‘न्याहारी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. वेलस्लीची मोहीम अन्नपुरवठ्याच्या चोख व्यवस्थेवर चालली होती. तांदूळ, खारवलेले मांस, बिस्किटे आणि गोऱ्या शिपायांसाठी अर्क, तीही बैलांवर लादता येतील अशा लहान पिंपांतून, यांची मागणी त्याच्या पत्रव्यवहारात पुनःपुन्हा येते. अर्थात नगर प्रांतात इंग्रजांचे मद्य आले ते पानगृहाच्या दारातून आले नाही. शिधा म्हणून, मोजून, रांगेत उभे करून दिले गेले. पुढील सगळ्या इतिहासाचे बीज या एका गोष्टीत आहे.

इंग्रजांच्या पूर्वीही मद्याविषयी राज्यकर्त्यांचे धोरण होतेच. न्यायमूर्ती रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिशांवर लिहिताना दाखवून दिले आहे की, पेशवाईत मद्य गाळण्यास व विकण्यास सामान्यतः मनाई असे. पण कोकणातील काही जातींना आणि पदरी असलेल्या फिरंगी लोकांना सवलत मिळे. मद्य हा परक्याचा अपवाद, ही कल्पना महाराष्ट्रात इतकी जुनी आहे. शब्दांचा प्रवास मात्र उलट दिशेने झाला होता. इंग्रजी पानगृहातील प्रसिद्ध ‘पंच’ हे पेय पाच जिनसांचे म्हणून त्या नावाचे, अशी व्युत्पत्ती सतराव्या शतकात डॉ. जॉन फ्रायरने दिली आहे. हाच फ्रायर जुन्नरपर्यंत येऊन गेला होता. ही व्युत्पत्ती सर्वांस मान्य नाही. पिंपाच्या इंग्रजी नावावरून हा शब्द आला असेही काही म्हणतात. तरीही मुंबईच्या बंदरात खलाशांसाठी जी ‘पंचघरे’ चालत, ती इंग्रजी पानगृहाची आपल्याकडील सर्वांत जवळची भावंडे होत. ती बंदरातच राहिली, घाट चढून वर आली नाहीत.

घाटावर काय आले? इ. स. १८१७ च्या पुणे तहाने नगरचा किल्ला कायमचा कंपनीकडे गेला आणि शहराजवळ छावणी वसली. छावणीत पानगृहाचे दोन तुकडे झाले. अधिकाऱ्यांचे मेस निराळे: तेथे चांदीची भांडी, ठरलेला पोशाख व राजाच्या आरोग्याचा पेला. शिपायांचे कँटीन निराळे: तेथे ठरावीक वेळी ठरावीक माप. छावणीच्या हद्दीत बाहेरच्या विक्रेत्याने गोऱ्या शिपायाला मद्य विकण्यावर कडक निर्बंध होते, कारण बाजारातील दारूने पलटणी आजारी पडत. इंग्लंडातील आपल्या गावी जो तरुण पानगृहात शेजाऱ्यापाजाऱ्यांत बसून पीत असे, तो येथे फक्त आपल्याच पलटणीत पिऊ लागला. त्यातून जे व्यसन वाढले ते इतके की, इ. स. १८६२ मध्ये आग्रा येथे गोऱ्या शिपायांसाठी मद्यवर्जन संस्था स्थापन करण्याची पाळी आली. गावापासून तुटलेले पानगृह हे पानगृह राहत नाही, केवळ पान राहते, असे या इतिहासावरून म्हणावे लागते.

छावणीबाहेर, हमरस्त्यावर, सरकारने मुसाफरी बंगले बांधले. हा पानगृहाचा तिसरा तुकडा. खाट, खानसामा आणि पाहुणा आल्यावर घाईने कापलेली कोंबडी ही त्याची सामग्री. एतद्देशीय इंग्रजांच्या बोलीत या कोंबडीला ‘आकस्मिक मृत्यू’ असे विनोदी नाव पडले होते. पेय बहुधा प्रवाशाच्याच पेटीतून निघे. बंगल्यात गावकरी शिरत नसे. शिरला तर जोहार करण्यास.

चौथा तुकडा गावकऱ्याच्या वाट्यास आला, आणि तोच सर्वांत ओसाड होता. इ. स. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्याचे उत्पादन व विक्री सरकारी नियंत्रणाखाली एकवटली. चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याच्या हातून मध्यवर्ती भट्ट्यांची व मक्त्यांची पद्धत आकारास आली, इ. स. १८९२ च्या कायद्याने मोहाच्या फुलांवरही नजर बसली. इंग्लंडातील न्यायाधिकारी ‘हे घर गावास हवे काय’ असे विचारी; येथील अधिकारी ‘हा मक्ता किती रुपयांस जाईल’ असे विचारू लागला. ज्याने बोली जिंकली त्याला पैसा वसूल करायचा होता. चूल पेटवून पाहुणचार करण्यात त्याचा काडीचाही लाभ नव्हता. म्हणून गावातील दारूचे दुकान म्हणजे एक फळी, एक माप आणि एक आडोसा. तेथे बसण्यास जागा नाही, खाण्यास काही नाही, आणि थांबण्यात प्रतिष्ठा नाही.

या ठिकाणी एक आक्षेप येऊ शकतो: पानगृह न रुजण्याचे खरे कारण जातिव्यवस्था होय, महसुलाचे धोरण नव्हे. कोणाच्या हातचे खावे, कोणाच्या पंक्तीस बसावे, याचे नियम इतके काटेकोर असता सर्वांसाठी एक चूल पेटणार कशी? या आक्षेपात तथ्य आहे. धर्मशाळेत प्रत्येक जण आपापले तीन दगड मांडून भाकरी भाजी, ती उगीच नव्हे. परंतु तो पुरेसा नाही. मुंबई व पुणे येथे इराण्यांच्या उपाहारगृहांनी आणि एस. टी. स्थानकांवरील कँटीनांनी विसाव्या शतकात अनेक जातींना एका टेबलाशी बसविले. चहाने जे साधले ते मद्याला साधले नाही. चहाला मक्ता नव्हता, आणि चहा पिणाऱ्याला तोंड लपवावे लागत नव्हते. जातीने चुली वेगळ्या केल्या हे खरे. पण अन्न व मद्य यांना दोन निरनिराळ्या दारांत उभे केले ते अबकारी खात्याने.

याच इ. स. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. तो कोल्हारच्या पूर्वेकडून, बेलापूरवरून गेला. दूरच्या मालाची व प्रवाशांची रहदारी गाडीरस्त्यावरून रुळांवर सरकली, आणि बेलापूर स्थानकाभोवती पुढे श्रीरामपूर वाढले. कोल्हारच्या उतारावर सराई उभी राहण्याची जी काही शक्यता होती, तीही येथे संपली. लोहमार्ग जेव्हा आला, तेव्हा इंग्लंडातही टपालगाड्यांच्या वाटेवरील जुन्या सरायांची हीच गत झाली होती. फरक एवढाच की, तेथे मोडण्यासाठी काहीतरी उभे होते.

विसाव्या शतकात मद्याचा प्रश्न राजकीय झाला. इ. स. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या नेतृत्वाखाली पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. त्यावेळी दुकान हे परसत्तेच्या तिजोरीचे दार समजले गेले, आणि ते तसे होतेच. इंग्लंडातील मद्यविरोधकाला गावातल्या जुन्या, आवडत्या घराशी झगडावे लागे. येथील कार्यकर्त्यासमोर केवळ मक्तेदाराची फळी होती. इ. स. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याला जे व्यापक नैतिक समर्थन मिळाले, त्याचे एक कारण हेही असावे. इ. स. १९५१ मध्ये एफ. एन. बलसारा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने औषधी व प्रसाधन द्रव्यांविषयीची काही कलमे रद्द ठरविली, कायद्याचा गाभा कायम ठेवला. परकीयांना परवान्याने मद्य मिळण्याची सोय या कायद्यात होती. पेशवाईतील फिरंग्यांच्या सवलतीचे हे दूरचे प्रतिध्वनी ऐकून इतिहासाच्या अभ्यासकास हसू आल्यावाचून राहणार नाही.

परवान्यांच्या याच पद्धतीतून ‘परमिट रूम’ हा शब्द मराठीत आला. परवानाधारकाने बसून पिण्याची खोली, हा त्याचा मूळ अर्थ. निर्बंध सैल होत गेले तसा परवाना मागे पडला आणि शब्द तेवढा राहिला. दरम्यान कोल्हारचा परिसर पालटला होता. इ. स. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांनी ऊस आणला, आणि शेजारच्या लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून इ. स. १९५० मध्ये सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला. उसाबरोबर मळी आली, मळीबरोबर मद्यार्क. एकेकाळी मोहाच्या फुलांवर चालणारी देशी दारू महाराष्ट्रात आता मुख्यतः या मळीवर चालते. शिर्डीच्या यात्रेकरूंमुळे रस्ताही पुन्हा भरून वाहू लागला.

नगर-मनमाड मार्गासारख्या हमरस्त्यांवर आज ‘फॅमिली गार्डन’, ‘परमिट रूम’ आणि ‘शुद्ध शाकाहारी’ अशा पाट्या एकामागोमाग एक लागतात. यांतील परमिट रूमला एफएल-३ परवाना लागतो व तिला स्वयंपाकघर असते. तेथे मटणाची थाळी व बिअर एकाच टेबलावर येतात, म्हणजे इतिहासात दुभंगलेले दोन भाग पुन्हा जोडले गेलेले दिसतात. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांलगतची मद्यविक्री १ एप्रिल २०१७ पासून ठरावीक अंतरापलीकडे हटविण्यात आली, आणि अनेक चालकांना दारे फिरवावी लागली. पुढे त्या आदेशात सवलतीही मिळाल्या. देशी दारूचे दुकान मात्र सीएल-३ परवान्यावर पूर्वीसारखेच चालते. त्याच्यासमोर उकडलेली अंडी व भाजलेले शेंगदाणे विकणारी हातगाडी उभी असते. ती दुकानदाराची नसते.