एक नदी, अनेक शास्त्रें

पाण्याला 'जीवन' असें नांव देणाऱ्या आपल्या पूर्वजांनीं त्याची महती एका शब्दांत सांगून टाकली. परंतु या जीवनाचा अभ्यास कोणत्या शास्त्रानें करावा, हा प्रश्न पुष्कळ काळ कोणाला पडला नव्हता. धरण बांधावयाचें तें स्थापत्यविशारदानें, पाण्याची शुद्धता तपासावयाची ती रसायनज्ञानें, पाण्यावरून तंटा झाल्यास निवाडा करावयाचा तो न्यायाधीशानें, आणि या सर्वांच्या खर्चाचा हिशेब ठेवावयाचा तो खजिन्यांतील कारकुनानें, अशी कामाची वांटणी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक देशांत रूढ होती. नदीला मात्र ही वांटणी ठाऊक नसते. वरच्या अंगाला अडविलेल्या पाण्याचा परिणाम खालच्या अंगाच्या गांवाला भोगावा लागतो. एका शेतास दिलेलें पाणी जमिनींत मुरून दुसऱ्याच्या शेतांत क्षाराच्या रूपानें वर येतें.

आज जगांतील कित्येक विद्यापीठांत पाण्यावर संशोधन करणारे पदव्युत्तर विद्यार्थी परिषदा भरवितात. अभियांत्रिकी, भूगर्भशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा, कृषिविद्या अशा निरनिराळ्या शाखांतील तरुण एका मंडपाखालीं निबंध वाचतात आणि परशाखीयांच्या शंकांना उत्तरें देतात. ही प्रथा सहजासहजीं पडलेली नाहीं. एका नदीवरून पेटलेला वाद, एका विद्यापीठांतील चर्चावर्ग, आणि पाण्याखालीं व मिठाखालीं नासत चाललेली लक्षावधि एकर जमीन, असा तिच्यामागचा इतिहास आहे.

त्या वादाचें स्थळ अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्य. सिएरा नेवाडा पर्वतांत उगम पावणारी किंग्ज नदी सखल प्रदेशांत उतरते, तेथें पाइन फ्लॅट नांवाची धरणास सोईची जागा आहे. या एकाच जागेवर सरकारच्या दोन खात्यांची नजर गेली. लष्करी अभियंत्यांकडे पूरनियंत्रणाचें काम होतें, म्हणून त्यांना तेथें पूर अडविणारें धरण हवें होतें. भूसुधार खात्याकडे ओसाड जमिनी पाण्याखालीं आणण्याचें काम होतें, म्हणून त्याला कालव्यांसाठीं धरण हवें होतें. १९४० सालीं दोन्ही खात्यांनीं आपापले स्वतंत्र अहवाल पुढें केले. वरवर पाहणाऱ्यास हा दोन कचेऱ्यांमधील मानापमानाचा प्रकार वाटावा. परंतु त्याच्या पोटांत जमीनमालकीचा प्रश्न दडलेला होता. १९०२ च्या भूसुधार कायद्याप्रमाणें सरकारी योजनेचें पाणी एका मालकाच्या १६० एकरांहून अधिक जमिनीस देतां येत नसे. लष्करी अभियंत्यांच्या हातीं धरण गेल्यास हें बंधन टळेल, या आशेनें मोठमोठे जमीनदार त्यांच्या बाजूस झुकले. १९४४ सालीं कायदेमंडळानें लष्करी अभियंत्यांना कौल दिला आणि १९५४ सालीं धरण पुरें झालें.

हार्वर्ड विद्यापीठांतील राज्यशास्त्राचे अध्यापक आर्थर मास यांनीं या प्रकरणाचा बारकाईनें अभ्यास केला आणि १९५१ सालीं लष्करी अभियंते व देशांतील नद्या या विषयावर एक सडेतोड ग्रंथ प्रसिद्ध केला. राज्यशास्त्राच्या पंडितानें धरणांवर पुस्तक लिहावें, ही गोष्टच त्या काळीं नवलाची होती. धरणाची जागा व उंची ठरवितांना खडक आणि पाऊस यांच्याइतकाच सत्तेचा आणि हितसंबंधांचा विचार नकळत होत असतो, हें त्यांनीं पुराव्यानिशीं दाखविलें.

याच सुमारास दुसरी एक अडचण पुढें आली होती. १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्यानें असा दंडक घातला होता कीं, एखाद्या योजनेचे लाभ, ते कोणाच्याहि पदरीं पडोत, तिच्या खर्चाहून अधिक असले पाहिजेत. दंडक उत्तम, परंतु लाभ मोजावे कसे? पुरापासून वांचलेल्या घराची किंमत सांगतां येईल. पण पुराचें भय गेलें याची किंमत काय? आज केलेल्या खर्चाचा लाभ पन्नास वर्षांनीं होणार असेल, तर तो आजच्या नाण्यांत किती धरावा? अभियंत्यापाशीं या प्रश्नांचीं उत्तरें नव्हतीं. अर्थशास्त्रज्ञापाशीं तीं होतीं, परंतु त्याला नदी ठाऊक नव्हती.

अशा स्थितींत १९५५ सालीं हार्वर्ड विद्यापीठांत एक नवा उपक्रम सुरू झाला. तो 'हार्वर्ड वॉटर प्रोग्रॅम' या नांवानें ओळखला जातो. त्यांत आरोग्य-अभियांत्रिकीचे गॉर्डन फेअर व हॅरल्ड थॉमस होते, अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट डॉर्फमन होते, नियोजनाचे जाणकार मेनार्ड हुफश्मिट होते आणि राज्यशास्त्राचे मासहि होते. त्यांच्याबरोबर एका बाजूला पदव्युत्तर विद्यार्थी आणि दुसऱ्या बाजूला सरकारी खात्यांतून शिकावयास आलेले अनुभवी अधिकारी बसत. एरवीं परस्परांचे अहवाल खोडून काढण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें असतें, त्यांना येथें एकाच नदीचें गणित सोडवावयास मिळालें.

हें गणित दिसतें तितकें सोपें नाहीं. पूर अडवावयाचा तर जलाशय पावसापूर्वीं रिकामा हवा. शेतीला पाणी द्यावयाचें तर तोच जलाशय उन्हाळ्यापूर्वीं भरलेला हवा. वीज उत्पन्न करावयाची तर पाण्याची पातळी बाराहि महिने उंच हवी. एकाला द्यावें तें दुसऱ्याच्या तोंडचें काढून. शिवाय पुढल्या वर्षीं पाऊस किती पडेल हें कोणासच ठाऊक नाहीं. नदीच्या पाण्याच्या नोंदी तर बहुधा तीस-चाळीस वर्षांच्याच असतात. त्यांत मोठा दुष्काळ किंवा महापूर आलेलाच नसेल, तर त्यांच्या भरंवशावर बांधलेलें धरण फसावयाचें.

या अडचणींतून थॉमस व त्यांचे विद्यार्थी मायरन फिअरिंग यांनीं एक मार्ग काढला. नदीच्या उपलब्ध नोंदींतून तिची सरासरी, तिचे चढउतार आणि एका महिन्याचा पुढच्या महिन्याशीं असलेला संबंध शोधून काढावयाचा, आणि त्या आधारें शेकडों वर्षांचे संभाव्य प्रवाह गणितानें निर्माण करावयाचे, अशी ही रीति होती. हे प्रवाह खरे नव्हेत. परंतु त्या नदीच्या स्वभावांत बसतील असे ते असतात. कागदावरील धरणें व कालवे या प्रवाहांत घालून नव्यानेंच उपलब्ध झालेल्या विद्युद्गणकयंत्रावर त्यांची परीक्षा पाहण्यांत आली. कोणतें धरण कोणत्या वर्षीं कोरडें पडतें आणि कोणत्या पुरानें ओसंडतें, हें धरण बांधण्याआधींच अजमावतां येऊं लागलें. फिअरिंग पुढें त्याच विद्यापीठांत प्राध्यापक झाले, आणि ही पद्धति जगभर त्या दोघांच्या नांवानें शिकविली जाऊं लागली.

दुसरा तरुण स्टीफन मार्ग्लिन. त्यानें १९५९ सालीं हार्वर्डची पदवी घेतली. या उपक्रमाचें फळ म्हणून १९६२ सालीं जलसंपत्तीच्या नियोजनावर सहा लेखकांचा जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यांत फेअर, थॉमस, डॉर्फमन, हुफश्मिट व मास या वडीलधाऱ्यांच्या पंक्तीला हा चोवीस वर्षांचा तरुण बसलेला दिसतो. पाण्याच्या योजनेचा हेतु काय असावा, हें मांडणाऱ्या प्रकरणांत त्याचा मोठा वांटा आहे. देशाचें एकूण उत्पन्न वाढविणें हा एक हेतु झाला. परंतु तें उत्पन्न कोणत्या प्रदेशाला आणि कोणत्या वर्गाला मिळतें, हाहि योजनेचाच प्रश्न आहे आणि त्याचें उत्तर हिशेबांत उघडपणें आलें पाहिजे, असा त्या ग्रंथाचा आग्रह आहे. किंग्ज नदीच्या कांठीं १६० एकरांच्या वादांत जें आडपडद्यानें चाललें होतें, तें येथें गणिताच्या उजेडांत आलें.

ग्रंथांतील विद्या व्यवहारांत उतरते कीं नाहीं, याची कसोटी लवकरच सिंधु नदीच्या खोऱ्यांत लागली. पश्चिम पाकिस्तानांतील पंजाब व सिंध या प्रांतांत ब्रिटिश अमदानींत कालव्यांचें विस्तीर्ण जाळें पसरलें होतें. कालव्यांचे तळ मातीचे. त्यांतून वर्षानुवर्षें पाणी झिरपत राहिलें आणि भूगर्भांतील पाण्याची पातळी वर चढत गेली. ती मुळांशीं पोंचली तेव्हां जमिनी पाणथळ झाल्या. उन्हानें पाणी उडून जाऊन मागें मीठ उरलें तेव्हां त्या पांढऱ्या पडल्या. १९६१ सालीं पाकिस्तानचे अध्यक्ष अयुबखान अमेरिकेस गेले असतां हा प्रश्न अध्यक्ष केनेडी यांच्यापुढें निघाला. त्यांनीं रॉजर रेव्हेल यांच्या नेतृत्वाखालीं तज्ज्ञांचें एक मंडळ नेमलें. रेव्हेल हे समुद्रविज्ञानाचे अभ्यासक. मंडळांत भूजलाचे, मातीचे व शेतीचे जाणकार होते. हार्वर्डच्या चर्चावर्गांतील थॉमस आणि डॉर्फमनहि होते.

मंडळाचा अहवाल १९६४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील दोन गोष्टी विशेष लक्षांत घेण्यासारख्या आहेत. पहिली गोष्ट भूमितीची. नलिकाविहिरी खोदून पंपानें पाणी उपसलें तर भूजलाची पातळी उतरते, हें सर्वांस ठाऊक होतें. परंतु लहानशा क्षेत्रांत उपसा केला तर भोंवतालच्या जमिनींतून पाणी आंत येतच राहतें. एक मैल बाजूच्या चौकोनाचें क्षेत्र एक चौरस मैल आणि परिघ चार मैल असतो. दहा मैल बाजूच्या चौकोनाचें क्षेत्र शंभर चौरस मैल होतें, परिघ मात्र चाळीसच मैल. म्हणजे क्षेत्र शंभरपट वाढलें असतां पाणी आंत येण्याची वाट दसपटच वाढली. म्हणून उपसा करावयाचा तो सुमारें दहा लाख एकरांच्या सलग टापूंत करावा, असें मंडळानें सुचविलें. दुसरी गोष्ट अर्थशास्त्राची. नुसती बिघडलेली जमीन दुरुस्त करून एवढा खर्च भरून निघणारा नव्हता. त्या प्रांतांतील चांगल्या जमिनीचें पीकहि फार थोडें होतें, कारण पाणी अपुरें, खत जवळजवळ नाहीं, बियाणें हलकें. तेव्हां पाण्याच्या निचऱ्याबरोबरच खत, बियाणें, कीडनाश आणि शेतकऱ्यांचें शिक्षण हीं एकाच वेळीं आलीं पाहिजेत, असा निष्कर्ष निघाला. एकट्या अभियंत्याच्या किंवा एकट्या कृषिशास्त्रज्ञाच्या हातून तो निघणें कठीण होतें.

हा रोग महाराष्ट्राला अपरिचित नव्हता. नीरा नदीच्या डाव्या कालव्याखालीं ऊस वाढला आणि त्याबरोबर चोपण जमिनीहि वाढल्या. पुण्याच्या कृषिविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनीं ताम्हाणे यांच्या सहकार्यानें नीरेच्या खोऱ्यांतील खारट जमिनींचा अभ्यास करून १९१० सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढें १९१६ सालीं मुंबई सरकारनें सिंचनाची रीत शेतीच्या गरजांशीं जुळवून घेण्यासाठीं एक खास शाखा उघडली. खडकवासल्याची विख्यात जलसंशोधनसंस्था या छोट्या शाखेंतूनच वाढलेली आहे. रसायनज्ञ आणि अभियंता यांनीं एकाच शेताच्या बांधावर उभें राहिलें पाहिजे, ही जाणीव येथेंहि मिठानेंच करून दिली होती.

परंतु सिंधूच्या खोऱ्यांतील कथेचा शेवट पंडितांनीं आंखल्याप्रमाणें झाला नाहीं. मंडळाचा सारा भर सरकारी नलिकाविहिरींवर होता. पाकिस्तानांतीलच अर्थशास्त्रज्ञ गुलाम मोहम्मद यांनीं १९६४ सालींच त्या अहवालाची कसून चिकित्सा केली. मंडळाचे हिशेब चालू असतांनाच पंजाबचे शेतकरी स्वतःच्या पैशानें लहान नलिकाविहिरी हजारोंच्या संख्येनें खोदीत होते. पाणी केव्हां लागतें हें त्यांना नेमकें ठाऊक होतें, आणि विहीर स्वतःच्या हातांत असल्यामुळें तें त्यांना वेळेवर मिळत होतें. पुढील काळांत या खाजगी विहिरींनीं सरकारी विहिरींना मागें टाकलें आणि सरकारी विहिरी कालांतरानें बंद करण्याचें किंवा शेतकऱ्यांकडे सोंपविण्याचें धोरण स्वीकारावें लागलें. इतकीं शास्त्रें एकत्र बसलीं, तरी ज्याच्या शेतांत पाणी जावयाचें त्याच्यासाठीं त्या बैठकींत जागा नव्हती.

तरीहि १९६४ हें वर्ष दुसऱ्या एका कारणानें महत्त्वाचें ठरलें. त्या वर्षीं अमेरिकेनें जलसंशोधनाचा कायदा केला आणि प्रत्येक राज्यांतील विद्यापीठांत एकेक जलसंशोधनसंस्था उघडण्याची तरतूद केली. संशोधनाच्या द्वारें तरुण शास्त्रज्ञ तयार करणें हा त्या कायद्याचा एक उघड उद्देश होता. १९६५ पासून १९७४ पर्यंतचें दशक युनेस्कोनें आंतरराष्ट्रीय जलविज्ञानदशक म्हणून पाळलें. भारतांत रूरकी विद्यापीठानें १९५५ सालींच आशिया व आफ्रिका खंडांतील अभियंत्यांसाठीं जलसंपत्तीच्या विकासाचें शिक्षणकेंद्र काढलें होतें. पाण्याचा विद्यार्थी म्हणून एक नवा विद्यार्थी या सर्वांतून जगांत वावरूं लागला.

विद्यार्थ्यांनीं भरविलेल्या जलपरिषदांचें महत्त्व या इतिहासावरून ध्यानांत येतें. प्रौढ तज्ज्ञ एकत्र येतात तेव्हां प्रत्येकाच्या पाठीशीं त्याचें खातें, त्याचा लौकिक आणि त्याचा जुना अहवाल उभा असतो. विद्यार्थ्याच्या पाठीशीं यांपैकीं कांहींच नसतें. भूजलावर निबंध वाचणाऱ्या तरुणीला कायद्याचा विद्यार्थी विचारतो कीं, हें पाणी कोणाच्या मालकीचें. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मृत्तिकाशास्त्रज्ञ विचारतो कीं, तुमच्या हिशेबांत मीठ कोठें आहे. असा प्रश्न पंचविसाव्या वर्षीं ऐकला तर त्यावर विचार होतो. पन्नासाव्या वर्षीं ऐकला तर बहुधा त्याचा राग येतो. फिअरिंग आणि मार्ग्लिन यांच्या हातून जें घडलें तें या वयांत घडलें. पंजाबच्या शेतकऱ्यानें जो प्रश्न विहीर खोदून विचारला, तो विचारणारा कोणी या परिषदांत येऊन बसूं लागला, तर हार्वर्डच्या चर्चावर्गांत आरंभलेलें काम पुरें होण्याच्या वाटेला लागेल.