धुळीला बाहेरची वाट दाखवणारा माणूस

आज गोष्ट एका खोलीची. तुमच्या फोनमधली चिप जिथे बनते, त्या क्लीनरूमची.

माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड. चिपवरच्या रेषा त्याच्या हजारपट बारीक. तिथे धुळीचा एक कण बसला की चिप बाद!

1950च्या दशकातही क्लीनरूम होत्या. स्टीलच्या भिंती, अंगात झगे, सतत व्हॅक्यूम. तरी धूळ काही हटेना. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत अण्वस्त्रांचे बारीक सुटे भाग बनायचे, आणि धुळीने तेच बिघडायचे.

तिथे विलिस व्हिटफील्ड नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. ओक्लाहोमातल्या कापूस शेतकऱ्याचा मुलगा. त्यांनी प्रश्नच बदलला: धूळ येते कुठून आणि जाते कुठे? मेख अशी की, धूळ फक्त बाहेरून येत नाही. आत काम करणारा माणूसच त्वचेचे कण झाडत असतो. आणि खोलीतली हवा भोवऱ्यासारखी फिरत राहिली, तर ते कण तिथेच घिरट्या घालतात.

मग 1960च्या सुमारास त्यांनी काय केलं? हेपा फिल्टरमधून गाळलेली हवा संथपणे एकाच दिशेने सोडली आणि जाळीच्या जमिनीतून बाहेर काढली. मिनिटाला साधारण 10 वेळा हवा बदलायची. कण पडला की लगेच वाहून जायचा. खोली आधीच्या क्लीनरूमपेक्षा हजारपट स्वच्छ निघाली. आकडे इतके कमी, की काहींचा विश्वासच बसला नाही!

1964 मध्ये पेटंट मिळालं, पण ते अमेरिकी सरकारच्या नावावर. तंत्र सगळ्यांसाठी खुलं राहिलं. इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांनी उचललं, ऑपरेशन थिएटरांनी उचललं. आज पुण्यासारख्या शहरात लशीच्या कुप्या भरतात, तिथेही वरून अशीच हवा वाहते.

पण एकदा बांधली आणि झालं, असं नाही हं. आयएसओ वर्ग 5च्या खोलीत एका घनमीटर हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण जास्तीत जास्त 3,520 चालतात. त्यासाठी फिल्टर गळतोय का बघायचं, आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवायचा, कण मोजत राहायचं. पंखे बंद पडले आणि आत माणसं असली, तर काही मिनिटांत ती पुन्हा साधी खोली!

व्हिटफील्ड 2012 मध्ये गेले. नाव फारसं कुणाला माहीत नाही. पण पुढच्या वेळी फोन हातात घ्याल किंवा लस टोचून घ्याल, तेव्हा त्यांची आठवण काढा. भेटू पुढच्या भागात!