शाळेचा आठवडा कोणी ठरवला?

आज मी कोणत्याही थोर ग्रंथावर बोलणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीच्या भिंतीवर एक वेळापत्रक लावलेले असते. सोमवारी पहिली तासिका मराठी, मग गणित. शनिवारी सकाळची शाळा, कवायत. शिक्षकांच्या टाचण वहीत त्याच आठवड्याचे पाठ लिहिलेले असतात. या साध्या कागदाला मोठा इतिहास आहे, आणि आपल्या जालना जिल्ह्यात तो चांगला वाचता येतो.

सुरुवात जांबपासून करू. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव, साल 1608. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळे आणि मोकळे हवे, ओळी सरळ हव्यात, ग्रंथाच्या सुरुवातीचे अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने काढल्यासारखे दिसावे, असा सगळा तपशील त्यात आहे. आजच्या शिक्षकालाही तो उपयोगी पडेल. पण दोन गोष्टी बघा. हे अक्षर किती दिवसांत यावे, याचा तिथे उल्लेख नाही. घटवत राहायचे, येईपर्यंत. आणि दुसरी गोष्ट, हा उपदेश ब्राह्मणाला उद्देशून आहे.

पुढे पंतोजींच्या शाळेतही हेच दिसते. धुळपाटीवर मूळाक्षरे, मग बाराखडी, उजळणी, पाढे, पावकी-निमकी, मोडी वाचणे. इयत्ता नव्हती. एक पोरगा ‘क’ गिरवतोय, शेजारचा अडीचकी म्हणतोय, आणि थोरला मुलगा धाकट्याला शिकवतोय. सुट्टी तिथीने. महिनाभर पोरगा आजारी पडला, तर परत येऊन जिथे सोडले तिथून पुढे. त्याचे काही ‘बुडत’ नसे. मात्र या शाळेचे गुणगान करताना विसरू नका की तिच्या ओट्यावर गावातली बहुसंख्य मुले कधी बसलीच नाहीत. मुली तर नाहीतच.

मग सरकारी शाळा आली आणि तिच्याबरोबर इयत्ता आली, घंटा आली, आठवडा आला. वैशेषिकांनी काळाला नऊ द्रव्यांत मोजले. शाळेने त्याचे तास पाडले! आपल्याकडे हा आठवडा निजामाच्या राज्याचा होता. साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी, कारभाराला फसली सन. उर्दू सक्तीची. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे, म्हणजे वर जाण्याचा जिनाच उर्दूतून होता. मराठीत शिकायचे असेल तर खासगी शाळा काढाव्या लागल्या: हैदराबादेत 1907 साली विवेकवर्धिनी, औरंगाबादेत 1915 साली सरस्वती भुवन. या शाळा चालवणारी मंडळी पुढे मुक्तिसंग्रामात दिसतात, हा योगायोग समजू नका. मुलाने आठवडाभर कोणत्या भाषेत वाचायचे, हा तेव्हा राज्य कोणाचे या प्रश्नाचाच एक भाग होता.

17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आले. पुढे शुक्रवारची सुट्टी रविवारी गेली. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला. माझ्या पिढीने या बदलत्या वेळापत्रकातच शाळा केली. वडील हिशेब उर्दू आकड्यांत लिहीत आणि आम्ही पाटीवर मराठी आकडे गिरवत असू. 27 जानेवारी 1967 रोजी पुण्यात बालभारतीची स्थापना झाली, आणि हळूहळू भोकरदनच्या मुलापुढे व कोल्हापूरच्या मुलापुढे एकच पुस्तक आले. ही लहान गोष्ट नव्हे. जालना 1981 साली स्वतंत्र जिल्हा झाला, तोवर त्याच्या गावागावांत तेच धडे वाचले जात होते.

एकच पुस्तक आले की एकच वेग येतो. वार्षिक नियोजन, त्यातून मासिक, त्यातून आठवड्याचे टाचण, शेवटी घटक चाचणी. अमुक आठवड्यात हातच्याची बेरीज, तमुक आठवड्यात जोडाक्षरे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन सांगितले आहे. सहा दिवसांचा आठवडा धरला तर हे तेहतीस-चौतीस आठवडे होतात. हिशेब चोख आहे. त्यात एक गोष्ट फक्त गृहीत धरली आहे: मूल त्या सगळ्या आठवड्यांत वर्गात आहे.

आता अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागात दिवाळीनंतर चला. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. पोरांची मोजणीच नाही. नोव्हेंबर ते मार्च धरला, सुट्ट्या वजा केल्या, तरी अठरा-एकोणीस आठवडे जातात. म्हणजे शाळेचे निम्मे वर्ष. मध्यंतरी, 2023-24 च्या सुमारास, दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून प्राथमिकची पुस्तके चार भागांत आली. हेतू उत्तमच. पण जे पोरगे दुसऱ्या भागाच्या सुमारास गेले, ते परतले तेव्हा बाकावर चौथा भाग उघडलेला! मधल्या भागातले जोडाक्षर त्याला कोण शिकवणार? पुढच्या वर्षी ते पुढच्या इयत्तेत बसते, आणि तिथल्या टाचणातही त्या जोडाक्षराला जागा नसते, कारण ते ‘झालेले’ असते.

उपाय झालेच नाहीत असे मी म्हणणार नाही. कारखान्याच्या तळावर साखरशाळा निघाल्या. गावातच मुले राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे आहेत. 2021 साली निपुण भारत अभियान आले. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित यावे, हे त्याचे उद्दिष्ट. त्याआधी नव्वदच्या दशकात किमान अध्ययन क्षमतांचीही चळवळ होती. या सगळ्यांच्या मुळाशी एकच जाणीव आहे, की पाठ संपला म्हणजे मूल शिकले असे होत नाही. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला हा भेद महत्त्वाचा वाटतो. ‘शिकवले’ हे शिक्षकाचे क्रियापद आहे आणि ‘शिकला’ हे मुलाचे. टाचणात पहिलेच लिहिले जाते.

जुनी शाळा मुलासाठी थांबत होती, पण दार मोजक्यांनाच उघडत होती. नव्या शाळेने दार सगळ्यांना उघडले, आणि ती थांबायला विसरली. इतिहासाने आपल्या पदरात या दोन्ही गोष्टी टाकल्या आहेत. पहिलीतले थांबणे दुसरीत आणता येणे अशक्य नाही. मूल मार्चमध्ये परतले की त्याला आठवडा कितवा चालला आहे हे न सांगता, त्याला काय वाचता येते एवढे विचारायचे, आणि तिथून त्याचा स्वतःचा आठवडा सुरू करायचा. मोठी मुले धाकट्यांना शिकवू शकतात, हे तर पंतोजींनी दाखवूनच ठेवले आहे. एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग असतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे त्याच्या एकट्याच्या माथी मारू नका.

शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे, आणि तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तुमच्यापैकी कोणी त्या समितीवर असेल, तर पुढच्या बैठकीत रंगरंगोटीचा आणि पत्र्यांचा विषय झाल्यावर एक प्रश्न विचारा. गेल्या हंगामात गावातून कोणकोणती मुले गेली होती, आणि या आठवड्यात ती काय शिकत आहेत? उत्तर नावानिशी मागा.

इथे थांबतो.